आप्पांची रोजची हजेरी

संगणकावरची खाती सांभाळायला डोकं लागतं आणि आमच्या कार्यालयात ते फक्त माझ्याकडे आहे, असं मी गेल्या सोमवारी सकाळी बायकोला ठणकावून सांगितलं. डब्याचं झाकण लावता लावता ती म्हणाली, की डोकं राहू दे, आज तेवढं कायम होऊन ये.

तिचं बरोबर होतं. तीन वर्षं मी कंत्राटावर आहे. आमचं कार्यालय जमिनींच्या नकाशांच्या नकला देतं. तीन टेबलं, एक काउंटर, साहेबांची खोली, आणि लाथ घातल्याशिवाय न उघडणारे नकाशांचे लोखंडी खण, एवढा आमचा संसार. कंत्राटी लोकांना कायम करायचे प्रस्ताव सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत मुख्यालयात पोहोचायचे होते. माझा प्रस्ताव तयार होता, साहेबांनी संगणकावर एक बटण दाबलं की झालं. नाही दाबलं तर पुढची संधी तीन वर्षांनी, आणि तोवर मी वयाच्या अटीत बसत नाही. म्हणजे आज नाही तर कधीच नाही!

त्याच सोमवारपर्यंत मुख्यालयाने आणखी एक काम लावून दिलं होतं. त्यांनी सगळ्या कार्यालयांना ‘मदतनीस’ नावाची एक नवी सोय पाठवली होती. तिच्याशी साध्या मराठीत बोलायचं, म्हणजे टाइप करायचं. कोणाचं खातं उघड, कोणाचं बंद कर, कोणाला कसले अधिकार दे, असं सांगितलं की ती निमूटपणे करते. तिच्याकडून जुनी, नको असलेली खाती साफ करून घ्यायची होती. साहेबांनी मला एका दिवसापुरता खातेप्रमुख केलं, माझ्या नावाचा नवा कोरा पासवर्ड हातात दिला आणि म्हणाले, की जेवायच्या सुट्टीपर्यंत हे उरका, मग तुमचं शांतपणे बघतो.

खरं सांगायचं तर स्वतःच्या नावाने संगणकात शिरायची ती माझी पहिलीच वेळ. तीन वर्षं मी आप्पांच्या नावाने शिरत होतो.

आप्पा म्हणजे आमचे निवृत्त हेडक्लार्क. संगणक आले तेव्हा मुख्यालयात एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. हे खूळ काही टिकत नाही असं म्हणून बाकी कोणी गेलं नाही, एकटे आप्पा गेले. त्यामुळे सगळे अधिकार आप्पांना मिळाले आणि उरलेल्यांना नुसतं बघायचे. जास्त हवे असतील तर तीन प्रतींत अर्ज! कोण करतो? आप्पांनी आपला कर्मचारी क्रमांक आणि पासवर्ड वळणदार अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि तेव्हापासून अख्खं कार्यालय आप्पांच्या नावाने काम करू लागलं. चार वर्षांपूर्वी आप्पा निवृत्त झाले, निरोपाचं घड्याळ घेऊन घरी गेले, पण चिठ्ठी दारावरच राहिली. मी नोकरीला लागलो तो त्यांच्यानंतर. त्यांचं तोंडही मी कधी पाहिलं नव्हतं, पण रोज दहा ते सहा मीच आप्पा होतो. काउंटरवरच्या ताईही आप्पा होत्या. साहेबही आप्पाच. सकाळी पाचही पडद्यांवर ‘नमस्कार, आप्पा’ उमटायचं आणि आम्ही कामाला लागायचो. आता जो माणूस रोज दहाला हजर होतो तो निवृत्त झालाय, हे कोणाच्या ध्यानात राहणार?

माझ्या तरी राहिलं नाही.

मी मदतनीसाला फर्मावलं, की जे निवृत्त झाले, बदलून गेले, अशांची यादी काढ. अर्ध्या मिनिटात तेवीस खाती! नावं नव्हती, नुसते कर्मचारी क्रमांक. खाली एक टीप होती : ‘यांपैकी एक खातं अजून वापरात आहे. हे निवृत्त कर्मचारी रोज सकाळी दहाला येतात आणि सहापर्यंत काम करतात. चार वर्षांत त्यांनी एकही रजा घेतलेली नाही. पुष्कळदा ते एकाच वेळी पाच संगणकांवर असतात. काय करावं?’

माझं तर रक्तच उसळलं. निवृत्त माणूस रोज चोरून आत शिरतो? तोही पाच ठिकाणी? ही तर टोळी! कायम व्हायच्या दिवशीच असा मासा गळाला लागावा, म्हणजे नशीब किती जोरावर असेल बघा. साहेब शाबासकी देतील, मुख्यालय पाठ थोपटेल, हे सगळं मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मी लिहिलं, की ते खातं सगळ्यात आधी बंद कर, कायमचं बंद कर आणि तसा अहवाल ताबडतोब मुख्यालयाला पाठव. एवढ्यावर थांबलो असतो तरी वाचलो असतो. पण मी पुढे लिहिलं, की कोणी कितीही गयावया केली तरी ते परत उघडायचं नाही, अगदी मी सांगितलं तरी नाही.

मदतनीसाने दोनदा विचारलं, नक्की ना? मी दोन्ही वेळा बटणावर बोट असं आपटलं की टेबलावरचा चहा हिंदकळला. ‘काम झालं,’ तो म्हणाला. ‘नोंद तुमच्या नावावर केली आहे.’

मी खुर्चीत मागे रेलतोय तोच काउंटरवरून ताईंचा आवाज आला.

“अहो, आप्पा गेले!”

रांगेतल्या पहिल्या गृहस्थांनी चष्मा काढला आणि हलक्या आवाजात विचारलं, की वय काय होतं? तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे आप्पा गेले, मागचे गेले आणि साहेब खोलीतून डोकावून म्हणाले, की माझ्याकडचेही आप्पा दिसत नाहीत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. संगणक रोज आपणच भरायचा म्हणून कधी पाठ न झालेला तो यादीतला क्रमांक मी कपाटाच्या दारावर जाऊन ताडून पाहिला. वळणदार अक्षरात तोच लिहिला होता.

मी मदतनीसाकडे धावलो. चूक झाली, खातं उघड, असं लिहिलं. त्याने नम्रपणे कळवलं, की तुम्ही सांगितलं तरी उघडायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं आहे. मी लिहिलं, बाबा रे, पाया पडतो. तो म्हणाला, ‘तुम्ही गयावया करत आहात असं दिसतं. त्याबद्दलही तुमची सूचना आहे.’

बरं, मग आमच्या आमच्या खात्यांना तरी अधिकार दे! त्यावर त्याने मुख्यालयाचा नियम दाखवला : ज्याने आजवर जे काम केलं असेल, त्याला त्या कामाचे अधिकार. त्याने रेकॉर्ड तपासलं. कालपर्यंतच्या चार वर्षांत या कार्यालयात आप्पांखेरीज कोणीही कसलंही काम केल्याची नोंद नव्हती. त्याने आम्हा सगळ्यांना ‘पाहुणा’ करून टाकलं. साहेबांनाही! साहेबांनी पडद्यावरचा तो शब्द बोट ठेवून पुन्हा वाचला. मग म्हणाले, की आप्पांना घेऊन या.

आप्पा दोनच गल्ल्या पलीकडे राहतात. मी पोहोचलो तेव्हा ते बनियनवर बसून खुर्चीचा मोडका पाय ठोकत होते. मी झाला प्रकार सांगितला. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी हातोडी खाली ठेवली.

“म्हणजे चार वर्षं मी येतच होतो?”

मी म्हटलं, रोज. एकही रजा नाही. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला माझीच लाज वाटली. त्यांनी आत वळून काकूंना सांगितलं, की ऐकलंस का, मी घरी नव्हतोच. काकूंनी आतूनच विचारलं, की मग रोज दुपारी माझ्या खुर्च्या कोण मोडतं?

इस्त्रीचा शर्ट घालून आप्पा आले. रांगेतल्या त्या गृहस्थांनी त्यांना बघून सुटकेचा निःश्वास टाकला. आप्पांनी माझ्या खुर्चीत बसून, एकेक अक्षर शोधत, मदतनीसाला लिहिलं, की मी स्वतः आलो आहे, माझं खातं उघड. उत्तर आलं, की आपण निवृत्त आहात, आपल्या दीर्घ सेवेबद्दल आभार, आता विश्रांती घ्यावी. आप्पांनी ते दोनदा वाचलं आणि खुर्ची मला परत दिली.

साडेतीन वाजले होते. रांग जिन्यापर्यंत गेली होती आणि लोक आमच्या खानदानाचा उद्धार करत होते. मी नकाशांच्या खणांमागे जाऊन स्टुलावर बसलो. अगदी रडू यायला लागलं. तीन वर्षांत मी एक दिवस उशिरा आलो नव्हतो, एक नक्कल चुकवली नव्हती आणि आता स्वतःच्या हातांनी स्वतःच्या पायावर हा धोंडा. बायकोचा निरोप आला : झालास का? मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

पावणेचारला मुख्यालयातून फोन आला. माझा अहवाल तिथल्या मोठ्या साहेबांनी वाचला होता आणि ते खूश होते! निवृत्त माणसाच्या खात्यातून पाच ठिकाणी काम चालतं, हे हुडकून काढणारा कोण, असं त्यांनी कौतुकाने विचारलं. मग विचारलं, की तिथे बसून काम करत कोण होतं? आमच्या साहेबांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. आम्ही फरशीकडे पाहिलं. चौकशी करतो, असं साहेब म्हणाले आणि जाता जाता सगळ्यांसाठी आपापल्या नावाचे अधिकार मागून घेतले. सव्वाचारला ते अधिकार आले. काउंटर सुरू झालं. माझा जीव भांड्यात पडला.

पाचला वीस मिनिटं कमी असताना साहेबांनी मला खोलीत बोलावलं आणि माझा प्रस्ताव उघडला. सकाळी भरून ठेवलेला एक रकाना आता बदलला होता. सगळ्या प्रस्तावांतला तो रकाना मुख्यालयाने त्या दिवसापासून मदतनीसाकडे सोपवला होता, आणि तो रेकॉर्ड बघूनच भरतो. साहेबांनी वाचलं आणि पडदा हळूच माझ्याकडे वळवला.

‘उमेदवाराने तीन वर्षांत केलेली एकूण कामं : एक.’

अकरा हजारांवर नकला मी केल्या होत्या. एकूण एक आप्पांच्या नावावर! मी हात जोडून म्हटलं, “साहेब, तुम्ही शेरा लिहा ना, की ती सगळी कामं मीच केली.”

“लिहितो,” साहेब म्हणाले. “मग माझी कोणी केली, ते कोण लिहील?”

तसं लिहिलं असतं तर आप्पा सोडून आम्ही सगळे चौकशीत गेलो असतो. ताईंना दोन वर्षं राहिली आहेत निवृत्तीला. मी जोडलेले हात खाली घेतले.

रकान्याखाली आणखी एक ओळ होती. ‘कामाचं स्वरूप : कार्यालयात काम करणाऱ्या एकमेव कर्मचाऱ्यास कायमचं बंद करणे.’ आणि तिच्याखाली, वरील माहिती खरी असल्याचं उमेदवाराने मान्य करावं, त्याशिवाय प्रस्ताव पुढे जाणार नाही.

पाचला दोन मिनिटं होती. मी मान्य केलं आणि साहेबांनी बटण दाबलं. काय करणार, खोटं त्यात काहीच नव्हतं.