मंगळवारी बेपत्ता होणारी वीज

प्रफुल बोरकुटे यांच्या स्वतःच्याच अंदाजानुसार, विजेच्या बाबतीत ज्यांना फसवता येत नाही अशी माणसे देशात फक्त तीन होती. उरलेल्या दोघांची नावे ते सांगत नसत. चंद्रपूरच्या वीजधोरण अभ्यास केंद्रात ते वरिष्ठ विश्लेषक होते. भेटकार्डावर मात्र पदाखाली त्यांनी ‘ऊर्जा-अन्वेषक’ असे हौसेने छापून घेतले होते. आकडा आपल्याशी बोलतो, असे ते म्हणत. त्यांची सहायक मोनाली रामटेके मूळची सावली गावची. चार वर्षांच्या नोकरीत तिला एवढे कळले होते, की आकडा बोलू लागला की सर त्याला मध्येच थांबवून स्वतः बोलतात.

प्रकरण तसे साधे होते. जिथे विजेचा वापर कमी, तिथली मोठी डी.पी., म्हणजे रोहित्र, उतरवून दुसरीकडे बसवायची परवानगी वीज कंपनीने नियामक आयोगाकडे मागितली होती. अशा गावांची यादी तपासून मत देण्याचे काम केंद्राकडे आले. यादीत चामोर्शी तालुक्यातला कोसमटोला होता. डी.पी.वरच्या मीटरची नोंद सांगत होती, की सोमवारी वापर भरपूर, बुधवारी भरपूर. मंगळवारी मात्र सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत शून्य. सहा महिने, प्रत्येक मंगळवारी.

गावात दुर्गा कुमरे आणि तिच्या गटातल्या सहा बाया धानगिरणी चालवत. मोठी डी.पी. गेली तर दिव्यांपुरती छोटी मिळणार होती, आणि छोटीवर गिरणी फिरणार नव्हती. मग पुन्हा पूर्वीसारखे धानाचे ओझे डोक्यावर घेऊन आठ किलोमीटर. दुर्गाने केंद्राला अर्ज पाठवला होता. त्यात गिरणी राहते की जाते एवढीच विचारणा होती, आणि खाली फोन नंबर.

मोनालीने फोन करून मंगळवारचे कारण विचारावे असे सुचवले. बोरकुटे सरांनी डोळे मिटले. संशयिताला प्रश्न विचारला की तो सावध होतो, हे त्यांचे तत्त्व होते.

त्यांचा पहिला सिद्धान्त चोरीचा होता. गाव मंगळवारी मीटरच्या अलीकडून तार टाकत असावे. मग उरलेले सहा दिवस गाव प्रामाणिक का राहते, असे मोनालीने विचारल्यावर हा सिद्धान्त मागे पडला. दुसऱ्या सिद्धान्तात गावाने जंगलात सौरऊर्जेचा गुप्त प्रकल्प उभारला होता आणि मंगळवार हा चाचणीचा दिवस होता. तिसरा वानरांचा होता; ती तारांवर येऊन बसत असणार.

“सर, वानराला वार कळतो?” मोनालीने विचारले.

“कळत नाही, असं कुणी सिद्ध केलंय?”

मीटरच मंगळवारचा उपास करत असेल, असे मोनाली कंटाळून म्हणाली. सरांनी वहीत गंभीरपणे लिहून घेतले: ‘धार्मिक शक्यता: विचारांती फेटाळली.’

पुढच्या मंगळवारी दोघे कोसमटोल्यात उतरले. बैल दावणीला होते, नांगर भिंतीला टेकलेले, गिरणीला कुलूप. सारे गाव मोहाच्या सावलीत निवांत बसले होते. एवढी माणसे एकाच वेळी काहीही करत नाहीत याचा अर्थ कट, असे सर हळू आवाजात म्हणाले. एका छपरावर त्यांना हाताएवढे सौर पॅनेल दिसले. त्यांनी त्याचे अकरा फोटो काढले.

शेवटी ते डी.पी.पाशी गेले. तिच्याखालच्या पेटीला पाठ टेकवून त्यांनी मोनालीला वीस मिनिटे ग्रामीण वीजवापराचे मानसशास्त्र समजावले. बोलता बोलता ते बाजूला सरकले, तेव्हा पेटीवर बांधलेली पत्र्याची पाटी मोनालीला दिसली. त्यावर लाल रंगात लिहिले होते: ‘मंगळवार बंद.’

एवढ्यात दुर्गा पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“दुर्गाबाई, हे डी.पी. कोण बंद करते?” मोनालीने आपल्या गावच्या बोलीत विचारले.

“आमीच. ग्रामसभेचा ठराव हाय.”

मंगळवारी गावाचा पोलवा असतो, असे तिने सांगितले. त्या दिवशी नांगर मातीला लागत नाही, विळा धानाला लागत नाही. मागच्या वर्षी कुणीतरी पोलव्याच्या दिवशी मोटर लावली आणि गावात भांडण झाले. तेव्हा इतवारी नावाचे एक म्हातारे ग्रामसभेत म्हणाले, की माणूस बसतो, बैल बसतो, मग डी.पी.नेच काय पाप केले? तेव्हापासून गावातच राहणारा लाइनमन पोचू सकाळी दांडा खाली करतो आणि दिवस बुडाला की वर करतो.

“पण मॅडम, तुमी पयलेच काऊन नाई इचारलं?” दुर्गा म्हणाली. “म्या नंबर देल्ला होता.”

मोनालीने सरांकडे पाहिले. सर वानरांच्या शोधात तारांकडे पाहत होते.

कारण कळले, पण गिरणी वाचली नव्हती. आयोगाच्या तक्त्यात कारणांचे तीनच रकाने होते: बिघाड, दुरुस्ती, चोरी. विश्रांतीचा रकाना नव्हता, आणि कारणाविना दर आठवड्याला एक दिवस शून्य म्हणजे नियमानुसार डी.पी. बिनवापराची.

चंद्रपूरला सुनावणी झाली. दुर्गा गटातल्या बायांना घेऊन आली होती. बोरकुटे सरांनी एकतीस पानांचे सादरीकरण सुरू केले. एकोणिसाव्या पानावर वानरे आली तेव्हा आयोगाच्या सदस्यांनी त्यांना नम्रपणे थांबवले. मग सदस्यांनी दुर्गाला विचारले, की मंगळवारी डी.पी. सुरू ठेवायला गाव तयार आहे का? तसे असेल तर प्रश्नच मिटतो.

गटातल्या बायांनी दुर्गाकडे पाहिले. गिरणी हवी होती. पोलवा मोडायचा नव्हता. दुर्गाने उलट विचारले.

“साहेब, तुमचं हापिस इतवारी चालते का?”

“नाही. रविवारी सुट्टी असते.”

“मंग सोमवारी येता तं तुमची डी.पी. जाग्यावरच राह्यते ना?”

सदस्यांनी कंपनीच्या अभियंत्याकडे पाहिले. अभियंत्याने फाइलीकडे पाहिले. साप्ताहिक विश्रांतीचा दिवस वगळून पुन्हा हिशेब करावा, असा आदेश निघाला. मोनालीने तो तिथेच केला. उरलेल्या सहा दिवसांत कोसमटोल्याचा वापर मर्यादेच्या दीडपट भरला. गावाचे नाव यादीतून गेले.

बाहेर बाया बसच्या वेळेची चौकशी करत होत्या. सकाळी गिरणी लवकर उघडायची होती. बोरकुटे सर दुर्गाजवळ गेले. तो प्रश्न आपल्या सादरीकरणातल्या नेमक्या कोणत्या मुद्द्यावरून सुचला, हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

दुर्गाने प्रामाणिकपणे आठवून पाहिले.

“मुद्दा नाई सांगता येत, साहेब. पन तुमचं लंबं चाललं होतं, तं मले इचार कराले टाइम भेटला.”

अंतिम अहवालात ‘अन्वेषकाचे योगदान’ या शीर्षकाखाली सरांनी हे वाक्य प्रमाण भाषेत घातले: साक्षीदारास विचारासाठी पुरेसा अवधी उपलब्ध करून देण्यात आला. मोनालीने टंकलेखन तपासले. वाक्यात एकही चूक नव्हती, म्हणून तिने ते तसेच ठेवले.