सुकलाल नानांच्या चतुःसीमा

सुकलाल नाना जेवायला बसले की आधी ताटाच्या चतुःसीमा सांगायचे. "पूर्वेस भरीत, पश्चिमेस कळण्याची भाकरी, दक्षिणेस ठेचा, उत्तरेस ताकाची वाटी." एवढं झालं की मगच पहिला घास. एकदा माझ्या बायकोनं बोलता बोलता ठेचा पलीकडे सरकवला, तर नाना हात आखडून बसले. "सूनबाई, हद्द हलली. आता पहिल्यापासून सांगावं लागेल."

शिरपुरात आमच्या शेजारच्या खोलीत ते एकटेच राहत. उभं आयुष्य रजिस्ट्री कचेरीबाहेर बसून लोकांची खरेदीखतं लिहिण्यात गेलं होतं. त्यामुळे कुठलीही गोष्ट चारी बाजूंनी बांधून घेतल्याशिवाय त्यांना खरी वाटत नसे. माझा मेहुणा मुलगी पाहून आला, तेव्हा सगळ्यांनी विचारलं, मुलगी कशी आहे? नानांनी विचारलं, "ते नंतर. घराच्या पूर्वेला कोण राहतं?" मेहुण्याला सांगता येईना. "म्हणजे तू नीट पाहिलंच नाहीस," असं म्हणून नाना उठून गेले.

आम्ही हसायचो. वडील गेले त्या वर्षी मात्र हसणं थांबलं.

मी शाळेत मास्तर. गावी शेताला वारस लावायचे म्हणून तलाठ्याकडे गेलो, तर त्यांनी सातबारा दोनदा वाचला आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या वडिलांच्या नावावर आहे ते शेत तुम्ही कसत नाही. कसता ते दगाभाऊंच्या नावावर आहे."

दगाभाऊ आमचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी. नाव दगा, पण माणूस सरळ. वडिलांनी आणि त्यांनी एकाच मालकाकडून एकाच दिवशी दोन शेतं घेतली होती, आणि दोन्ही खतांत गट नंबरांची अदलाबदल झाली होती. पंधरा वर्षं जो तो आपापलं शेत कसत राहिला. कागद कोणी उघडला नव्हता.

अडचण विहिरीची होती. आमच्या शेतात वडिलांनी स्वतः उतरून खणलेली विहीर होती, दगाभाऊंच्या शेतात नव्हती. त्यांच्या जावयानं सांगितलं, "मामा, कागदावर विहीर आपली शे." दगाभाऊंनी आमच्याशी बोलणं बंद केलं. आठ दिवसांनी विहिरीच्या वाटेवर बोरीच्या काट्या पडल्या. गावी आई रिकामी घागर घेऊन परत आली आणि चुलीपुढे बसून राहिली.

मी दोन्ही खतांच्या नकला काढून नानांपुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. चतुःसीमा वगैरे काही म्हणाले नाहीत.

"मास्तर, खाली लिहिणाऱ्याचं नाव वाचलंत का?"

मी वाचलं नव्हतं. नाव त्यांचंच होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नाना माझ्याबरोबर गावी आले आणि थेट दगाभाऊंच्या ओट्यावर जाऊन बसले.

"दगा, मी माफी मांगाले उनू. चूक मनी शे."

दगाभाऊंनी जावयाकडे पाहिलं. जावई म्हणाला, "चूक कोणाची का असेना, कागद तो कागद."

"मग कागदच वाचू," नाना म्हणाले. दगाभाऊंचं खत काढून त्यांनी गट नंबर सोडला आणि खालच्या चतुःसीमा सावकाश वाचल्या, "पूर्वेस नाला." मग वर पाहिलं. "दगा, त्या विहिरीजवळ नाला शे का?"

दगाभाऊंनी विहिरीच्या दिशेनं पाहिलं. "नाला तर मना वावरले शे."

"मंग ती विहीर तुनी कशी?"

दगाभाऊ उठले. कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली. मला क्षणभर भीती वाटली. ते विहिरीच्या वाटेवर गेले आणि स्वतःच्या हातानं काट्या बाजूला ओढू लागले. मीही हात लावला. जावई लांबून बघत होता.

चूक दुरुस्तीच्या लेखाला मूळ विकणाराही लागतो. तो म्हातारा धुळ्याला मुलाकडे होता. नाना स्वतः जाऊन त्याला हाताला धरून घेऊन आले. लेखही त्यांनीच लिहिला. पुन्हा चूक नको, म्हणून प्रत्येक आकडा माझ्याकडून आणि दगाभाऊंकडून तीन-तीनदा मोठ्यानं वाचून घेतला. कचेरीतले लोक हसत होते. 'लेखकाच्या चुकीमुळे' असं त्यांनी लिहिलं, तेव्हा कारकून म्हणाला, "नाना, 'नजरचुकीने' लिहा, चालतं."

"नजर माझीच होती," नाना म्हणाले आणि लिहिलं ते तसंच ठेवलं.

त्या विहिरीचं पाणी आजही आमच्या गावच्या घरात येतं. दगाभाऊ आणि मी पुन्हा एका बांधावर बसून बोलू लागलो, तेही नानांमुळेच. त्या वेळी आम्ही दोघांनी त्यांना काय हवं ते विचारलं. बराच वेळ नको नको म्हणून शेवटी ते म्हणाले, "एकदा शेत बघू द्या."

इतकी वर्षं लोकांची शेतं लिहिणाऱ्या या माणसानं त्यातलं एकही पाहिलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या घराण्यात कधी जमीनच नव्हती.

आम्ही त्यांना घेऊन गेलो तेव्हा दगाभाऊंच्या शेतात कापसाची लागवड चालली होती. नानांनी बांधावर चपला काढल्या. वाकून ढेकूळ उचललं. "काळी, मध्यम, हलकी असं लिहीत आलो," ते म्हणाले. "हात कधी लावला नव्हता."

दगाभाऊंनी त्यांच्या ओंजळीत सरकी घातली. नाना उन्हात वाकून वाकून एकेक बी टोचत गेले. अर्धी ओळ झाल्यावर थांबले आणि लाजत विचारलं, "दगा, उगवल्यावर यातलं माझं कोणतं, ते कसं कळेल?"

"बठ्ठं वावर तुमनंच शे, नाना," दगाभाऊ म्हणाले.

ओळ संपल्यावर मी तांब्यानं पाणी पुढे केलं, पण नानांनी हात धुतले नाहीत. संध्याकाळच्या एसटीत ते तसेच मातीचे हात मांडीवर उघडे ठेवून शिरपूरपर्यंत बसून राहिले.