मागच्या डाव्या सीटचा आवाज

दुरुस्त झालेली, धुऊनपुसून ठेवलेली गाडी समोर उभी असताना एखादा माणूस ती ताब्यात घ्यायला दुपारभर नकार का देतो? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी मी हे लिहायला घेतले. माणूस माझा शेजारी, दौंडचा. त्याला ओळखायचे तर आधी त्याच्या खिशातली हातोडी ओळखावी लागेल.

नामदेवआप्पांनी उभी नोकरी रेल्वेत काढली. गाडी थांबली की चाकांवर हातोडी मारत जायचे आणि आवाजावरून तडा ओळखायचा, हे त्यांचे काम. ते निवृत्त झाले, हातोडी झाली नाही. आप्पा माठ ठोकतात, कलिंगड ठोकतात. आमच्या शाळेत पाहुणे म्हणून आले तेव्हा त्यांनी बसण्याआधी खुर्चीचे चारही पाय ठोकले आणि मुख्याध्यापकांना एका पायाविषयी सावध केले. मुख्याध्यापक हसले. महिन्याभराने ते त्याच खुर्चीवरून पडले, तेव्हा आप्पा हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "ऐकल्याबिगर बोलायचं न्हाई." हे त्यांचे पालुपद.

यमुनाकाकूंचे, म्हणजे आप्पांच्या पत्नीचे, माहेर कवठे येमाईचे. तिथे त्यांची म्हातारी आई असते. दर रविवारी तिला भेटायचे आणि एसटीच्या पायऱ्या काकूंच्या गुडघ्यांना झेपत नाहीत, म्हणून आप्पांनी शिरूरच्या एका शोरूममधून नवी गाडी घेतली. काकू मागे, डावीकडे बसत. पुढे बसले की ट्रक अंगावर येतात, असे त्यांचे मत.

तिसऱ्याच महिन्यात मागच्या डाव्या चाकातून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. काकू बसल्या की येई, आप्पा एकटे असले की थांबे. शोरूमवाल्यांनी रिकामी गाडी फिरवून आणली आणि जॉबकार्डावर लिहिले, 'तक्रार आढळली नाही.' हे वाक्य मी फळ्यावर लिहून मुलांना त्यातली चूक शोधायला लावली असती. माणूस बसल्यावर येणारा आवाज माणूस न बसवता आढळेल कसा?

दुसऱ्या खेपेला आप्पा काकूंनाच घेऊन गेले. काउंटरवरचा टायवाला तरुण खुर्चीतून उठलाही नाही. "गाडीत काही नाही, आप्पा. मावशींचं लोड पडतंय मागं. त्यांना जरा डाएट करायला लावा." काउंटरवरचे सगळे हसले. काकूंनी पदर सावरला आणि त्या काचेबाहेर पाहत राहिल्या. कार्डावर पुन्हा तेच वाक्य.

पुढच्या रविवारी काकू एसटी स्टँडवर निघाल्या. "माझ्यापायी गाडी बिघडाया नको."

दोन महिने आप्पा रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून एकच बोलत. "मास्तर, चाक बोलतंय आन् त्यो बाईला दोष देतोय." आवाज चढवत नसत. पण त्या दोन महिन्यांत त्यांनी एक माठसुद्धा ठोकला नाही.

तिसऱ्या खेपेला साक्षीदार म्हणून मला नेले. आप्पा त्या तरुणाला म्हणाले, "तू बस. मागं, डावीकडं."

"सर, ते माझं काम नाही."

"बस."

तो बसला. गावाबाहेर येताच चाक घुमू लागले. आप्पांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि मान न वळवता विचारले, "वजन किती तुझं?"

"छप्पन्न."

"मंग आता लोड कुणाचा?"

बेअरिंग खराब निघाले. वॉरंटीत बदलून मिळाले. दुपारी किल्ली पुढे आली, तेव्हा आप्पांनी हात मागे बांधले.

"लिहून दे. दोष बेअरिंगचा, बसनाऱ्याचा न्हाई."

"सिस्टममध्ये असा रकाना नाही, सर."

"हसाया रकाना हुता का?"

मॅनेजर आले. चहा आला, गाडीत टांगायची अत्तराची बाटली आली. आप्पांनी कशालाच हात लावला नाही. शेवटी मीच म्हणालो, "आप्पा, काम झालंय, चला आता." तडा गेलेल्या चाकाकडे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. शटर ओढायच्या वेळी त्या तरुणाने कार्डावर ते वाक्य हाताने लिहिले आणि शिक्का मारला.

घरी आप्पांनी ते काकूंना दोनदा वाचून दाखवले.

"त्यानं सोताच्या हातानं लिवलं?"

"व्हय."

"अक्षर बरं हाय," काकू म्हणाल्या. रविवारी त्या गाडीत बसल्या. मागे, डावीकडे.

कागद तपासण्याच्या सवयीने मी ती जॉबकार्डे मागून घेतली. दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्डावर गाडीचे किलोमीटर नोंदलेले होते. वजा करून पाहिले. उरले ते फक्त शिरूरहून दौंड आणि दौंडहून शिरूर, एवढेच अंतर. मधल्या दोन महिन्यांत गाडी जागची हललीच नव्हती.

"मग आप्पा बाजाराला, कवठ्याला कसे जात होते?" मी काकूंना विचारले.

"एष्टीनं. माझ्याच शेजारी बसायचे. खिडकी मला द्यायचे."

दोन्ही कार्डे आप्पांच्या पडवीत खिळ्याला लावलेली आहेत. माझ्या गणितावर विसंबू नये. कधी दौंडला आलात, तर ती वजाबाकी कृपया स्वतः करून पाहावी.