टुवर्ड की टुवर्ड्स?

"आकारामच्या मयताच्या गाडीला पाटी लागणार, आणि ती बी इंग्रजीत! पेठेत आजवर कुणाची लागली नसंल!" सयाजीनं भर बोळात जाहीर केलं.

आकाराम त्याचा जिवलग. तालमीच्या फुटबॉल संघात सयाजी बॅकला, आकाराम गोलात. आज सकाळी दूध घेऊन आलेला आकाराम उंबऱ्यातच कोसळला आणि संपला. सयाजी मात्र त्याचं तोंडही न बघता पेंटर पिराजीकडं पळाला. बघायचा धीरच नव्हता.

पाटीवर पांढरीशुभ्र अक्षरं उमटली : 'जर्नी टुवर्ड्स हेवन'.

तेवढ्यात आकारामचा पुण्याचा भाचा, अमरसिंह, आला. काँप्युटरवाला!

"सयाजीमामा, शेवटचा एस काढा. अमेरिकेत टुवर्ड म्हणतात."

"आकाराम अमेरिकेला निघालाय व्हय?"

"पण लोक हसतील की!"

हसतील म्हटल्यावर सयाजी गार पडला. पिराजीनं रॉकेलचा बोळा फिरवला. एस गेला, जाताना निम्मं हेवनही घेऊन गेला!

"परत काढ!" सयाजी ओरडला.

"एस घालून का बिनएसचं?" पिराजीनं ब्रश खाली ठेवला. "आधी तुमचं ठरवा, मग मला सांगा."

मग ओली पाटी उचलून सयाजी आणि अमरसिंह निवृत्त इंग्रजी मास्तर बाबासो सरांकडं गेले. सरांनी चष्मा पुसला, जाडजूड डिक्शनरी चाळली आणि सांगितलं, "दोन्ही बरोबर."

"दोन्ही कसं बरोबर असंल, सर? माणूस एकच मेलाय!"

वाद घालतच दोघं बोळात परतले. बोळ मोकळा! शेजारची बयाबाई आकारामच्या दारात पाणी ओतत होती.

"नेलं की त्याला! हाका मारून मारून माणसं दमली. कुठं मेला हुतासा?"

पाटी छातीशी धरून सयाजी पंचगंगेकडं पळत सुटला, मागं अमरसिंह. रस्त्यातली माणसं वाट देत होती. कुणी पाटीला हातही जोडले.

मसणवटीत चितेच्या शेणी धडाडून पेटल्या होत्या.

"एकदा तोंड बघू द्या त्याचं!"

"आता कसलं तोंड, सयाजी?" आकारामचे थोरले भाऊ हंबीरराव म्हणाले. "सगळ्यांनी तोंडात पाणी घातलं. तूच न्हवतास."

सयाजी मटकन राखेत बसला. शर्टावर पांढरा रंग, डोळ्यांत धूर.

हंबीररावांनी पाटीकडं बघितलं. "काय लिवलंय?"

"आकाराम... स्वर्गाकडं निघालाय..."

"निघालाय?" हंबीररावांनी जाळाकडं हात केला. "पोचला की त्यो!"