मानाचा आ

गाणं गळ्याने म्हणतात, असा एक गैरसमज शिकल्यासवरल्या लोकांत फार पसरलेला आहे. गाणं जागेवरून म्हणतात. पहिल्या रांगेत उभं राहून नुसतं खाकरलं तरी लोक माना डोलवतात, आणि खांबामागून कुणी जीव ओतून गायलं तर 'जरा ते दार लावून घ्या' म्हणतात. भामाबाईंना हे तिसरीत शाळा सुटली तेव्हाच कळलेलं होतं. पुढची बुकं वाचूनही जर हेच कळायचं असतं, तर तेवढ्यासाठी डोळे कशाला फोडायचे, असं त्यांचं म्हणणं.

भामाबाई हैदराबादेतल्या गौलीगुड्याच्या. कैलासवासी उमाजींच्या पत्नी, मिरची-हळदीच्या दुकानाच्या मालकीण, आणि यशवंत नावाच्या इंजिनियरच्या आई. (पहिल्या दोन गोष्टी त्यांनी निभावल्या. तिसरीचं अजून चालू आहे.) जामबागेतल्या मराठी शाळेशी त्यांचं नातं घंटेचं. शाळेची पितळी घंटा उमाजींनी दिलेली. "जमीन कुणी दिली ते मला ऐकवू नका," त्या म्हणत. "घंटा नसती तर त्या जमिनीवर पोरं आली असती कधी, आणि घरी गेली असती कधी?"

या शाळेच्या गायनवृंदाला हॉलंडातल्या एका मराठी मंडळाने अधिवेशनात गायला बोलावलं. हैदराबादेत अजून मराठी शाळा आहे आणि तिथली मुलं मराठीत गातात, हे ऐकून मंडळाला गहिवरून आलं होतं. (मुलं गाणं तेलुगू अक्षरांत उतरवून घेतात आणि मैदानात दखनीत 'नक्को बे, कायकू' करतात, हे कळवण्याची शाळेच्या समितीला गरज वाटली नाही. गहिवर नाजूक असतो, प्रवासात तुटतो.)

गाणं संगीताच्या मेधाबाईंनी स्वतः रचलं होतं. त्यात आकाश होतं, माती होती, दिवा होता, वात होती, आणि दर ओळीच्या शेवटी एक लांब आलाप होता. नुसता 'आ'. मेधाबाईंनी एकेका मुलाचा गळा ऐकला आणि त्याप्रमाणे रांगा लावल्या. त्यात भामाबाईंची नात शिल्पा मागच्या रांगेत गेली, तीही अगदी कडेला.

"तिचा सूर पक्का आहे, आजी," मेधाबाईंनी समजावलं. "ती मागे उभी असली की तिचं ऐकून पुढची सगळी सुरात राहतात."

"म्हणजे गाडी ओढायला आमची, आणि गाडीत बसायला वकिलांचा हर्षवर्धन."

हर्षवर्धन हा समितीचे अध्यक्ष, आबासाहेब वकील, यांचा नातू. बरकतपुऱ्याचं जुनं घर, तीन पिढ्या सरकारदरबारी, शाळेची जमीन त्यांच्याच वडिलांनी दिलेली. आबासाहेबांच्या पत्नी नीलिमाबाई यांनी एका हळदीकुंकवाला भामाबाईंना चपलांच्या फळीशेजारची खुर्ची दिली होती. भामाबाई ती गोष्ट तिथल्या तिथे विसरून गेल्या. (असं त्या दर संक्रांतीला सांगतात.)

शिल्पाचं मत कुणी विचारलं नव्हतं, पण तिने दिलं. "आज्जी, मला मागंच बरं आहे. मला फक्त पूर्ण गाणं म्हणायचंय."

"गाणं काय, घरीपण म्हणता येतं," भामाबाई म्हणाल्या. "त्याला हॉलंडला कशाला जायचं?"

या प्रश्नाला आजवर कुणालाच उत्तर सापडलेलं नाही.

समितीची बैठक झाली. गळा ही ईश्वरी देणगी असली तरी शाळा लोकांच्या देणग्यांवर चालते, सबब रांगा देणगीप्रमाणे लावाव्यात, असा ठराव झाला. जमीनवाल्यांची मुलं पहिल्या रांगेत, खोल्या बांधून देणारे दुसऱ्या, पंखे देणारे तिसऱ्या, आणि ज्यांनी नुसतीच आपली मुलं दिली ते चौथ्या. घंटा पंख्यांत धरली.

"पंखा बंद पडला तर घाम येतो," भामाबाई उभ्या राहून म्हणाल्या. "घंटा बंद पडली तर शाळा बंद पडते. आता सांगा, मोठं काय?"

यावर पंखेवाले दुखावले. पंखेवाल्यांना शांत करताना खोलीवाले दुखावले. जमीनवाले आधीपासूनच दुखावलेले होते, कारण त्यांना इतरांच्या शेजारी बसावं लागलं होतं. तेव्हा यशवंतने, इंजिनियर असल्यामुळे, तोडगा काढला: रांगच नको, गोल करा. गोलाला ना पुढचं टोक, ना मागचं.

सर्वांनी वा वा केली. मग नीलिमाबाईंनी गोड आवाजात विचारलं, गोलात उभं राहिल्यावर निम्म्या मुलांची पाठ प्रेक्षकांकडे होईल, ती निम्मी कुणाची? पाठ दाखवण्याइतकं खालचं घर हैदराबादच्या मराठी समाजात एकही नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. तेव्हा मुलांनी तोंडं बाहेरच्या बाजूला करावीत असं ठरलं. त्यानेही निम्मी तोंडं मागच्या पडद्याकडेच जात होती. म्हणून गोल फिरता ठेवावा, म्हणजे प्रत्येक घर पाळीपाळीने समोर येईल. गोल डावीकडून फिरवावा की उजवीकडून, हा वाद झाला नाही. प्रदक्षिणा कशी घालतात हे सर्वांना ठाऊक होतं.

परंतु प्रदक्षिणा म्हटली की मध्ये काहीतरी हवं. रिकाम्या जागेला कुणी फेऱ्या घालत नाही. समितीने विचार केला, आणि शाळेच्या हितासाठी आबासाहेब मध्ये बसायला तयार झाले. त्यांचा नाइलाज होता. खुर्ची त्यांनी घरून आणवलेली होती.

आता मूल फिरता फिरता समोर येईल तेव्हाच गाणार, कारण पडद्याकडे बघून गाण्यात गळा फुकट जातो. एका वेळी समोर एकच मूल, म्हणून एकेका मुलाला एकेक शब्द द्यावा असं निघालं. शब्दांची वाटणी शेतीच्या वाटणीपेक्षा शांततेत झाली, म्हणजे कोर्टात कुणी गेलं नाही. हर्षवर्धनला 'आकाश' मिळालं. खोलीवाल्यांना 'दिवा' आणि 'अंगण'. 'माती' कुणी घेईना. ती शेवटी एका बँकवाल्याच्या मुलीला दिली. त्यांची बदली मे महिन्यात होणारच होती.

शिल्पाची पाळी आली तेव्हा शब्द संपले होते. तिला आलाप मिळाला.

"नुसता आ?" भामाबाई म्हणाल्या. "वकिलाच्या नातवाला आख्खं आकाश आणि माझ्या नातीला आ? पोरगी हॉलंडला चाललीय का दाताच्या डॉक्टरकडे?"

त्यांनी दोन दिवस जेवण सोडलं. (फराळ चालू होता.) घंटा काढून घरी न्यायची तयारीही केली, पण ती काढायला शिडी हवी आणि शिडी जमीनवाल्यांनी दिलेली, म्हणून तो विचार रहित केला. शेवटी अपमान नीट डोळ्यांनी पाहून घ्यावा म्हणून त्या तालमीला जाऊन बसल्या.

गोल फिरू लागला. हर्षवर्धन समोर आला, 'आकाश' म्हणाला, पुढे गेला, आणि गाणं संपेपर्यंत पुन्हा दिसला नाही. एकेक शब्द समोर यायचा आणि सरकायचा. पण ओळ संपली की गोल थांबायचा, मुलं धावपळ करून उलटी फिरायची, आणि शिल्पाला पुन्हा समोर आणायची. ती आ म्हणायची. पुढची ओळ. पुन्हा पळापळ, पुन्हा शिल्पा.

भामाबाईंनी हे नीट पाहिलं. ज्या कामाला माणसं पळतात ते काम मोठं, एवढा हिशेब त्यांना चौथीत न जाताही येत होता. त्या उठल्या, नीलिमाबाईंच्या खुर्चीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या हर्षवर्धनचं छान झालं हो. लवकर उरकलं."

नीलिमाबाई हसल्या. दुसऱ्याच दिवशी समितीच्या कानावर आलं की हर्षवर्धनचा आ लहानपणापासूनच मोठा आहे, घरच्यांनीच मोठेपणा करून तो आजवर मिटून ठेवला होता. मग खोलीवाल्यांच्या घरीही आ निघाले. पंखेवाल्यांनी तर घराण्याचा आ असल्याचं सांगितलं. 'आकाश' ओसाड पडलं. बँकवाल्याच्या मुलीनेदेखील 'माती' परत केली.

विशेष बैठकीत असं ठरलं, की गायनवृंदातील प्रत्येक मुलाने आ म्हणावा, सर्व वेळ म्हणावा, आणि फिरत राहावं. या निर्णयाचे फायदे बघावेत. कुणाचा मान कमी नाही. पाठांतर नाही. गाणं कुठल्या लिपीत लिहून घ्यावं हा जुना प्रश्न सुटला, आणि उच्चाराची एकही चूक उरली नाही. मराठी शाळेच्या इतिहासात असं पूर्वी झालं नव्हतं.

"मग गाणं कोण म्हणणार?" मेधाबाईंनी विचारलं.

प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्यामुळे घेता आला नाही.

घरी आल्यावर शिल्पा जेवली नाही. "टीचरचं सगळं गाणं गेलं, आज्जी."

"अगं वेडे, तुझा आ होता, तो सगळ्या हैदराबादला घ्यावा लागला," भामाबाई तिच्या पानात भाकरी टाकत म्हणाल्या. "बरकतपुऱ्याने आपलं काही मागून घेतलंय असं पहिल्यांदा झालंय. खा."

मुलांसोबत घरची माणसंही गेली, आणि हॉलंडात दौरा फार यशस्वी झाला. कार्यक्रम जरा उशिरा सुरू झाला, कारण पहिल्या रांगेत मंडळाचे माजी अध्यक्ष बसावेत की माजी अध्यक्षांचे माजी विरोधक, हे ठरत नव्हतं. मग पडदा उघडला. मध्ये आबासाहेब खुर्चीत, हात मांडीवर, चेहरा गंभीर. भोवती फेटे बांधलेली मुलं तोंडं उघडी टाकून फिरताहेत. आ. शिल्पा फिरून एकदा कडेला जायची, एकदा मागे जायची, त्यामुळे तिचा सूर कधी कुणाला सापडला, कधी नाही. ज्यांना सापडला नाही त्यांनी आपापला काढला. सगळ्या मुलांना चक्कर आली तेव्हा पडदा पडला.

सभागृह उभं राहिलं. परदेशात भाषा हरवत चालल्याचं दुःख इतक्या शब्दांत, म्हणजे इतक्या कमी शब्दांत, कुणी मांडलं नव्हतं, असं आभार मानणारे म्हणाले. तिथली मराठी मुलं, जी अशा कार्यक्रमांना ओढून आणावी लागतात, सगळीच्या सगळी सोबत गायली. एका आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. भामाबाईंनी शिल्पाचा व्हिडिओ काढला. त्यात नीलिमाबाईंचा अंबाडा उत्तम आला आहे.

कार्यक्रमानंतर मुक्कामाला जायला बस होती. भामाबाई सगळ्यांच्या आधी चढल्या आणि ड्रायव्हरच्या मागची जागा धरली. यशवंतला शेजारी बसवला. नीलिमाबाईंना त्यांच्या मागे बसावं लागलं, म्हणजे दौऱ्याचं सार्थक झालं. शिल्पा चढली तेव्हा पुढे जागा नव्हती. ती मेधाबाईंजवळ शेवटच्या बाकावर गेली.

बस गावाबाहेर आली. दुतर्फा गवत, पाणी, गाई. मागून कुणीतरी गाऊ लागलं. आधी हळू, मग मोकळं. आकाश आलं, माती आली. अंगण आलं, दिवा आला, वात आली. ओळीच्या शेवटी तो आ आला, आणि तो आल्यावर कळलं की तो कशासाठी होता. पुढच्या बाकांवरची मुलं एकेक करून त्यात शिरली, न धडपडता, पाण्यात उतरावं तशी. आबासाहेब उद्याच्या फोटोची रांग सांगत होते, ते अर्ध्यात थांबले. नीलिमाबाईंनी मोबाईल मांडीवर उलटा ठेवला. भामाबाईंच्या हातावर काटा आला. त्यांनी वळून पाहिलं, पण पुढच्या बाकाची पाठ उंच असते, मागचं दिसत नाही.

"यशवंता, कोण रे ती?"

"आई, आपली शिल्पा."

भामाबाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. तशाच ऐकत राहिल्या. मग त्यांनी पदर सारखा केला.

"तिला मागं कुणी बसवलं?"

बस थांबवावी लागली. यशवंत मागे गेला, शिल्पाला हाताला धरून पुढे घेऊन आला, आणि आपली जागा तिला दिली. ती आजीशेजारी बसली, समोर रस्ता पाहत. मागे मुलांनी पुढची ओळ धरायचा प्रयत्न केला, पण ती कुणाला सापडली नाही.

"हं," भामाबाई म्हणाल्या. "आता म्हण."

आता या गोष्टीतल्या कुणाचंही आडनाव दिलेलं नाही, हे तुमच्या कधीच ध्यानात आलं असेल. वकिलांना एक आणि मिरचीवाल्यांना एक, अशी दोन-चार आडनावं तुम्ही मनात लावूनही पाहिली असतील, आणि त्याप्रमाणे कुणाच्या बाजूने हसायचं ते ठरवलंही असेल. ते झालं असेल तर बसून घ्या. कुठे बसायचं, हे तुम्हाला सांगायला नको.