पालक पाहिजेत

याकोबमामा पेंटरांनी रंगवलेली दारावरची पाटी कधी कधी अर्धीच असते. वर नवऱ्याचं नाव, त्याखाली बायकोचं आणि त्याखाली एक आख्खी ओळ कोरी. सगळ्यांच्या नाही हं. लेकरंबाळं असलेल्यांच्या पाट्या कशा गच्च भरलेल्या. कोरी ओळ फक्त आमच्यासारख्यांच्या नशिबी, ज्यांच्या लग्नाला आठ वर्षं झाली आणि घरात अजून दोघंच.

"मामा, रंग संपला का?" मी विचारलं होतं.

"न्हाई बाई. जागा सोडली हाय. एक नाव मापात बसतंय."

मी शाळेत शिकवते, फटकन उत्तर द्यायची सवय. त्या दिवशी मात्र रागाने त्या ओळीवर दुधाची पिशवी अडकवून टाकली. मामा दर रविवारी चर्चला जाताना पिशवी बाजूला सारायचे, मी ती पुन्हा ओळीवर ओढायची. कितीतरी महिने आमचं हे भांडण चाललं, एक शब्द न बोलता.

'मापात बसतंय' हे मामांचं पालुपद. चहातली साखर मापात बसते, पाळकसाहेबांचं प्रवचन मापात बसत नाही. एके काळी नांदेडातल्या निम्म्या दुकानांवर त्यांची अक्षरं होती. मग फ्लेक्स आले आणि मामांच्या हाती उरला चर्चच्या फाटकावरचा काळा फळा. त्यावर खडूने लिहितानाही ते फूटपट्टी लावतात आणि मध्ये कुणी बोललं तर डाफरतात.

एकदा पाळकसाहेबांनी ठरवलं की एक रविवार मूल दत्तक घेण्याविषयी बोलायचं. लातूरच्या एका शिशुगृहातल्या ताई माहिती द्यायला येणार होत्या. फळ्याचं काम अर्थातच मामांकडे. त्यांनी वीतभर अक्षरांत लिहिलं: 'पालक पाहिजेत. रविवारी सकाळी दहाला भेटा.'

शनिवारी भाजीवाली फाटकात वीस जुड्या ठेवून गेली. "कवळी हाय म्हणावं," असा निरोपही ठेवला. ते एक वेळ ठीक. पण आमची मंडळी बोलताना ल आणि ळ यांच्यात फारसा भेदभाव करत नाही, तो वाचतानाही केला नाही. नायगावहून एक गृहस्थ सर्टिफिकिटांची फाईल घेऊन पाळकाच्या नोकरीसाठी हजर झाले. पाळकीणबाई कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या. "आपली बदली झाली अन् मला फळ्यावरून कळावं?" पाळकसाहेब बिचारे बराच वेळ फळ्यापुढे उभे होते.

मामा ढिम्म. "मी बराबर लिहून राहिलो. लोकं चुकीचं वाचून राहिले."

रविवारी चर्च नाताळासारखं भरलं. सगळ्यांना नवा पाळक बघायचा होता. खरं सांगायचं तर मीही मजा बघायलाच गेले. भेटल्या त्या ताई. नाव कसं नोंदवायचं, घर बघायला कोण येतं, किती थांबावं लागतं, सगळं त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. आणि म्हणाल्या, उपकार करायला येऊ नका, लेकराला आईबाप हवेत.

नंतर त्या वीस जुड्यांची भजी झाली. खाता खाता मी मामांजवळ बोलून गेले, "मामा, आणलं लेकरू आणि ते मला आपलं वाटलंच नाही तर?" ही भीती मी प्रकाशला, माझ्या नवऱ्यालासुद्धा कधी सांगितली नव्हती.

मामांनी माझ्या बशीकडे पाहिलं. "हा पालक कुणाच्या रानातला, इचारलं का बाई? चौथं भजं हाणून राहिलात."

मला जोरात ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं ते सगळं ठसक्याचं नव्हतं. त्याच आठवड्यात आम्ही नाव नोंदवलं.

मग वाट बघणं आलं, ते भरपूर झालं. शेवटी लातूरहून पाच वर्षांची जाई आमच्या घरी आली. पाटी पुरी करा, असं सांगायला मी तिला घेऊन मामांकडे गेले. त्यांच्या घरी जायची माझी पहिलीच वेळ. दाराशेजारी भिंतीवर पाटी होती. वर याकोब, त्याखाली सुलोचना आणि त्याखाली कोरी ओळ. मामी जाऊन कितीतरी वर्षं झालेली, रंग मात्र ताजा होता.

"मामा, ही ओळ?"

"सुलानं सोडाया लावली." मामा रंगाचा डबा उघडून ब्रशने ढवळू लागले. "ती लई म्हणायची, एक लेकरू आणू. मी म्हणायचो, लोकं काय म्हणतील. मंग मी हाव म्हणलो, तवा आमचं वय मापात बसंना."

मला त्या दुधाच्या पिशवीची फार लाज वाटली. मामा फूटपट्टी आणायला आत गेले. मी पदराने डोळे पुसत उभी राहिले, तेवढ्यात जाई ब्रश घेऊन स्टुलावर चढली. नुकतंच स्वतःचं नाव लिहायला शिकली होती ती. मामांच्या कोऱ्या ओळीवर तिने हा भला मोठा 'जा' काढला. 'ई' पाटीत मावली नाही, ती भिंतीवर गेली.

मी फडकं घेऊन धावले. मामा दारात फूटपट्टी धरून उभे.

"पुसते मामा. मापात नाही बसलं."

"हात लावू नका बाई," मामा म्हणाले. "वलं हाय."