लाडू हरवला!

कुत्रं सांभाळायला काय लागतं हो? तारापूरच्या कारखान्यात मी रोज आठ तास उकळती रसायनं सांभाळतो. पाच किलोचं कुत्रं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

म्हणून मेहुणीच्या साखरपुड्यासाठी बायको शैला दोन दिवस आधी सातपाटीला माहेरी निघाली, तेव्हा मीच छाती काढून म्हणालो, "तू जा निर्धास्त. लाडूला मी आणतो!"

लाडू म्हणजे आमचा शिह त्झू जातीचा झुपकेदार कुत्रा. पायपुसण्याला डोळे फुटले तर जसं दिसेल, तसा! याचे पूर्वज म्हणे राजवाड्यात मांडीवर बसायचे, आणि हे तो अजून विसरलेला नाही. चोर आला तरी भुंकणार नाही, आधी त्याची मांडी बघणार. याचे रोज केस विंचरायचे, डोळे पुसायचे, कपाळावरच्या बटांची शेंडी बांधायची. नाक चपटं, त्यामुळे ऊन अजिबात सोसत नाही. माझ्या डोक्यावरून शैलानं इतक्या मायेनं कधी हात फिरवला नाही!

ऐन मे महिन्यात बोईसरहून रिक्षानं निघालो. लाडू ओल्या टॉवेलात, मी घामात. मांडवात पोचलो तेव्हा तो इंजिनासारखा धापा टाकत होता. मी त्याला मोठ्या पंख्याजवळ ठेवलं, "बस इथे" म्हणालो आणि सरबत घ्यायला वळलो. दोनच घोट घेतले. बघतो तर लाडू गायब!

"लाडू कुठाय?" शैला समोर उभी.

"इथेच... होता."

नवरी मेघाली स्टेजवरून ओरडली, "भावजी! लाडू फोटोत नसेल तर मी अंगठी घालणार नाय!"

मुहूर्ताला पंधरा मिनिटं. शैलाच्या भगवंतमामांनी माइक हातात घेतला. ते म्हणाले ते असं: "आमचा लाडू हरवला हाय. त्याच्या अंगभर केस हाय. गावला तर त्याला खायला देऊ नका, त्याचं पोट बिघडतं."

पण माइकला दम्याचा विकार! मांडवाला ऐकू आलं ते असं: "लाडू... खर्रर्र... केस हाय... खर्रर्र... खा... ऊ नका... पोट बिघडतं!"

ताटातल्या लाडवांकडे निघालेले शंभर हात जागच्या जागी थांबले. नवऱ्याकडच्या एका काकांनी तोंडातला अर्धा लाडू हळूच रुमालात काढला.

स्वयंपाकाच्या बाजूनं रखमाबाई झारा घेऊन धावत आल्या. लाडू त्यांनीच वळले होते. "कोण म्हनतं माज्या लाडवात केस हाय? पुढं ये!"

"मावशी, तो लाडू नाही," मी म्हणालो, "आमचा लाडू वेगळा!"

"वेगळा? जावयाला वेगळा लाडू कोनी केला?"

तिकडे पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. नवऱ्याचे वडील धर्माजी मात्र पंख्यासमोरच्या खुर्चीत ताठ बसलेले. मांडीवर मानाची शाल, नजर समोर, तोंडातून शब्द नाही. आयुष्यभर मासेमारीची बोट चालवलेला माणूस! नवरदेव धीरजचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा वादळातपन ओरडतात," तो म्हणाला. "गप बसले म्हंजे संपलंच!"

सगळ्यांनी मला पुढे ढकललं. लग्न मोडणारा मीच ना! मी हात जोडले. "धर्माजीकाका, सगळी चूक माझी! मुलीचा काही..."

"हळू बोला!" ते दबक्या आवाजात गुरकावले आणि त्यांनी शालीचं टोक उचललं.

आत लाडू घोरत पडला होता.

"आत्ताच डोळा लागलाय त्याचा. पायाला मुंग्या आल्यात, पन हललो नाय मी. शेंडी सुटली व्हती त्याची. जाळ्याची गाठ मारलीय, आता सुटायची नाय."

मग काय! स्टेज तिथेच राहिलं आणि सगळा साखरपुडा धर्माजींच्या खुर्चीभोवती कुजबुजत पार पडला. भटजींनी मंत्रसुद्धा हळू म्हटले. रखमाबाईंचे लाडू पुन्हा फिरले.

निघताना धर्माजी काही लाडूला सोडेनात. "पोरगी येईल तवा येईल. याला आजच ठेवून जा."

शैलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाय काका! लाडूला नाय द्यायची मी. पायजे तर यांना ठेवून घ्या!"

धर्माजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. पोटापाशी जरा जास्तच वेळ थांबले. मग अगदी गंभीरपणे मान हलवली.

"नको गो पोरी. मांडीवर मावायचे नाय."